ओतिलिया आणि वर चढणारी काळी पट्टी

ओतिलिया ग्वारामातोला मी बोलावलं ते निव्वळ नाइलाजानं. कुणापुढं हात पसरायची मला सवय नाही. आमच्या टीव्ही चॅनलचा ट्रान्समीटर मी स्वतः जोडला होता, भंगारातून भाग आणून, दोनदा बोटं भाजून घेऊन. काराकासचं एकही मोठं चॅनल आमच्या डोंगरावर कधी फिरकलं नाही. फिरकलं तर कुणाचा मुडदा पडला म्हणून. मग आमचं आम्हीच दाखवायचं ठरवलं. पाणी कुठल्या आळीला कधी सुटणार, कुणाची भिंत खचली, शाळेतल्या बाई पुन्हा का आल्या नाहीत.

चित्र घराघरात जात होतं, पण त्या चित्रात एक काळी पट्टी होती. हातभर रुंद नाही, पण माणसाचं तोंड झाकेल एवढी. पडद्याच्या तळातून निघायची, सावकाश वर चढायची, वर विरून जायची, की खाली दुसरी हजर. सोबत आवाजात भुंग्यासारखी भुणभुण.

आमच्या डोंगराला दोन आळ्या, वरची आणि खालची, आणि दोघींचं हाडवैर. म्हणून सभेत सगळं वाटून घेतलं होतं. ट्रान्समीटर खालच्या आळीत बेनिल्देच्या घरात, तिच्याच विजेवर. अँटेनाचा खांब वरच्या आळीत, एव्हेलियोच्या पाण्याच्या टाकीवर. कॅमेरा मधल्या चौकात, पण त्याची वीज वरच्या आळीची. आमच्याकडे मे महिन्यातल्या सणाचा क्रूससुद्धा असाच उभा राहतो: लाकूड एका आळीचं, फुलं दुसरीची. उद्या कुणी उठून 'हे माझं' म्हणायला नको. त्या ठरावाचा मला अभिमान होता. आजही आहे.

पण पट्टी काही जाईना, आणि एव्हेलियोनं बोलायला सुरुवात केली की वरच्या आळीचं माणूस पडद्यावर आलं की खालचे लोक मुद्दाम त्याच्या तोंडाला काळं फासतात. दोन पिढ्यांचं वैर त्याला त्या पट्टीत दिसत होतं. शनिवारी क्रूसाचा जागर. क्रूसाच्या अंगावर ती पट्टी चढलेली दिसली तर त्याच संध्याकाळी खांब उतरवीन, असं त्यानं चौकात सगळ्यांदेखत सांगितलं. खांब गेला की चॅनल संपलं.

म्हणून ओतिलिया. साठीची बाई, नखं नारिंगी रंगवलेली, पुढच्या खोलीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तरुणपणी ती टीव्हीच्या कारखान्यात होती. ओळीत सगळ्यात शेवटची खुर्ची तिची: तयार झालेला टीव्ही समोर यायचा, तिनं चित्र बघायचं आणि पास की नापास ते सांगायचं. कारखाना बंद पडला, डोळे तेच राहिले. या देशात माझ्याइतकं वाईट चित्र कुणी पाहिलेलं नाही, असं ती छाती काढून सांगायची. आणि मला 'पुढारी' म्हणायची, तेही चारचौघांत.

आली ती थेट बेनिल्देच्या टीव्हीसमोर बसली. ट्रान्समीटरकडे बघेना. मी काय काय केलं ते सांगायला लागलो: डब्याला पत्रा लावला, कपॅसिटर बदलले, अँटेना फिरवली. तिनं हात वर केला.

"पुढारी, भाषण नंतर. आत्ता बघू दे."

बऱ्याच पट्ट्या वर जाऊ दिल्या तिनं. मग एक पट्टी एकदम जाड झाली तशी म्हणाली, "वर कुणीतरी इस्त्री लावली."

मला हसू आलं. दारातून वर हाक मारून विचारलं. आमच्या डोंगरावर हाक घरोघर होत वर जाते. उत्तर तसंच खाली आलं. एव्हेलियोची बहीण जागरासाठी सदरा इस्त्री करत होती. माझं हसू तिथंच थांबलं.

ओतिलियानं जीपची बॅटरी मागवली आणि कॅमेरा त्या बॅटरीवर चालवायला लावला. पट्टी गायब. चित्र धुतल्यासारखं. मी उडालोच, म्हटलं कॅमेऱ्यातच खोट आहे.

"कॅमेरा बिचारा चांगला आहे," ती म्हणाली. "खाली बस."

कॅमेरा तिनं परत वरच्या आळीच्या विजेवर लावायला सांगितला. चौकातून येणारी चित्राची केबल ट्रान्समीटरमधून उपसली. एका हातात केबलची बाहेरची जाळी, दुसऱ्या हातात ट्रान्समीटरच्या डब्याला लावलेली तार, मधे टॉर्चचा छोटा दिवा. ना प्लग, ना बॅटरी.

दिवा लागला.

मंद, पिवळा, पण लागला. बेनिल्देनं छातीवर क्रूस काढला. मी तिथंच उकिडवा बसलो. मग वर कुणीतरी आरेपाच्या, मक्याच्या भाकरीसाठी विजेचा तवा तापत ठेवला असावा, कारण दिवा उजळला. कुठला तरी फ्रिज थांबला, दिवा मावळला. पुन्हा उजळला. अख्खा डोंगर त्या शेंगदाण्याएवढ्या काचेत श्वास घेत होता. मी वर्षानुवर्षं माइक हातात धरून ओरडलो की आपण सगळे एकमेकांना जोडलेले आहोत. ते दिसतं कसं, हे मला माहीत नव्हतं.

ओतिलियानं मोजक्या शब्दांत समजावलं. फ्रिज शॉक देतो म्हणून आमच्याकडे सगळे जण लोखंडी डबा न्यूट्रलच्या तारेला बांधतात. आईनं पोरीला शिकवलेली रीत. कॅमेऱ्याचा आणि ट्रान्समीटरचाही डबा तसाच बांधलेला. वरची आळी आकडा टाकते विजेच्या एका खांबावर, खालची दुसऱ्या. दोन्ही न्यूट्रल सारख्या पातळीवर नाहीत. मग वरचं खाली वाहायला वाट शोधतं, आणि वाट म्हणजे आमची केबल. तेच चित्रात चढतं.

मी म्हटलं, सोपं आहे. दोन्ही बेनिल्देच्या विजेवर घेऊ, वर जाऊन एव्हेलियोला सांगतो.

तिचे डोळे लाल झाले. "सभेनं दिलेला शब्द तू मोडणार? वरच्या आळीला सांगणार, तुमची वीज खराब निघाली, काढून टाकली? मग खांब तो उतरवणारच, आणि बरोबर करेल."

मी वर निघालेला पाय मागं घेतला.

दुकानात जाऊन तिनं एका मेलेल्या स्टॅबिलायझरमधलं लोखंड काढलं आणि त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळायला बसली. एक वेटोळं, वर जाड कागद, कागदावर दुसरं वेटोळं. मी फेरे मोजत होतो, ती मला गप्प करत होती. एका वेटोळ्याला वरच्या आळीची वीज, दुसऱ्याला कॅमेरा. दोन्ही तारा कुठंही एकमेकींना शिवत नाहीत. कॅमेऱ्याच्या डब्याची न्यूट्रलची गाठ तिनं स्वतः सोडली.

"शिवतच नाहीत, तर वीज पलीकडं जाते कशी?" मी विचारलं.

"लोखंडातून जाते म्हणतात." तिनं तार दातानं ओढून घट्ट केली. "पोटासाठी आयुष्यभर हेच केलं. अजून नवल वाटतं."

शनिवारी ऊन उतरताना चौकात क्रूस उभा राहिला. ढोल लागले, बायकांनी क्रूसाचं पहिलं गाणं, फुलिया, उचललं. टीव्हीसमोर न थांबता मी पायऱ्या चढायला लागलो. पहिल्या दारातून तेच गाणं, दुसऱ्यातून तेच, पुढच्या खिडकीतून पुढची ओळ. चौक मागं पडला तरी गाणं तुटेना. एका घराकडून दुसरं घर ते उचलत होतं. उघड्या दारांतून क्रूस दिसत होता, आणि त्याच्या अंगावर फक्त फुलं होती.

एव्हेलियो टाकीपाशीच होता, हातात मोठा पाना. पण तोंड खांबाकडं नव्हतं. बहिणीच्या खिडकीतून आत बघत होता.

"पट्टी कुठं गेली?" त्यानं विचारलं.

"ओतिलियानं काढली."

"आमची वीज तोडून?"

"तुमच्याच विजेवर चालू आहे. खाली जाऊन हात लावून बघ."

आत त्याची चुलती पडद्यावर आली, ओळ म्हणायला तोंड उघडलं, आणि तिचं म्हातारं तोंड सबंध, सुरकुत्यांसकट दिसलं. एव्हेलियोनं पाना टाकीवर ठेवला. मग पुन्हा उचलला, खांबाच्या बुडाशी वाकला.

नट तो उलटा फिरवत नव्हता. आवळत होता.

"वारा सुटलाय," तो म्हणाला. "खालच्या लोकांनी बसवलेला खांब, ढिलाच राहणार."