सर्व्हेअर साहेब आणि रात्रीचं रॉकेट

फोटो हातात आला की सर्व्हेअर साहेब तो आधी माझ्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिरका धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "सावली कुठंय?"

मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. साहेब विम्याचे दावे तपासायचे. ठोकलेल्या गाड्या, जळालेली गोदामं, शेंद्र्याकडच्या कारखान्यांत पाणी शिरून बिघडलेली यंत्रं. फोटो स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्याने काढायचे आणि छापायला माझ्याकडे यायचे. आता कागदावर कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मोबाइलमधला फोटो रात्रीतून बदलतो भाऊ. कागद नाय बदलत."

संशय हा त्यांचा धंदा होता, पण संध्याकाळी धंदा बंद करून घरी जाणं त्यांना जमत नसे. चहा गोड लागला की कप खाली ठेवायचे. "साखर जास्ती टाकली. दूध कालचं दिसतंय." लग्नात नवरदेव सारखा हसतोय म्हटल्यावर माझ्या कानाशी लागून, "हा काहीतरी लपवायलाय." असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. एरवी आपण त्याला टाळतो आणि जुनी गाडी घ्यायची वेळ आली की त्यालाच सोबत नेतो.

एका माणसावर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नव्हता. त्यांची एकुलती एक मुलगी इंजिनिअर होऊन श्रीहरिकोट्याला गेली होती, जिथून रॉकेट सुटतं तिथं, एका ठेकेदार कंपनीत. "आमची पोरगी रॉकेटवर हाय," हे त्यांनी पिशोरला, म्हणजे त्यांच्या गावी, अख्ख्या भावकीत सांगून ठेवलं होतं.

एकदा तिने फोटो पाठवला. रात्रीची वेळ, मागे आग ओकत वर निघालेलं रॉकेट आणि पुढे ती हसत उभी. साहेब तो मोठा करून फ्रेम करायला घेऊन आले. मी छापून दिला. त्यांनी सवयीने ट्यूबलाइटखाली धरला, एक डोळा बारीक केला आणि आगीवरचं बोट हळूहळू तिच्या गालावर नेलं.

"आग हिच्या डाव्या अंगाला हाय," शेवटी ते म्हणाले. "उजेड उजव्या गालावर. जोडलेला हाय, भाऊ."

"तिकडे एखादा दिवा असेल की."

"असंल," ते म्हणाले. साहेबांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ 'नाही' असा होता.

फ्रेम माझ्याकडेच राहिली. नंतर ते रोज नवी शंका घेऊन यायला लागले. नोकरी सोडली असेल. लग्न केलं असेल. कुणाच्या नादी लागली असेल. मी म्हटलं, "सरळ विचारा ना तिला."

"दावा करणाऱ्याला आधी विचारायचं नसतं. आधी जागा बघायची."

पुढचं रॉकेट रात्री सुटणार अशी बातमी आली आणि त्यांनी मला गळ घातली. माझा मोठा कॅमेरा, तिपाई आणि मी, सगळंच त्यांना हवं होतं. घरी त्यांनी चेन्नईला काम आहे असं सांगितलं. मुलीला काहीच नाही.

श्रीहरिकोट्याच्या बेटाकडे जाणारा रस्ता खाऱ्या पाण्याच्या अफाट तळ्यातून जातो. अंधार पडायच्या आतच तिथं जत्रा भरली होती. मोटारसायकली, शाळेच्या बस, भाजके दाणे विकणारे. पाण्याच्या काठाशी साहेब, त्यांच्या मागे तिपाई लावून मी. रॉकेटची वाट अख्खी एका रेघेत पकडायची तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी आपला छोटा कॅमेरा माझ्या हातात दिला. "तुमचं ते उघडं शटर मला पटत नाय. ह्याच्यानं पण एक काढा."

मग त्यांनी मुलीला फोन लावला. "कुठं हायस?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. ते फक्त "बरं, बरं" म्हणाले. तेवढ्यात आमच्या मागून एका बसचा लांबलचक हॉर्न वाजला. साहेबांचा चेहरा पडला.

"आत कामावर हाय म्हणली," फोन ठेवून ते म्हणाले. "पण तो हॉर्न दोन्ही कानांनी ऐकला मी. फोनमधून पण आणि ह्या कानानं पण."

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे एका शाळेच्या बसजवळ मुलांची रांग होती आणि त्यांना कडेला सारत, मोडक्यातोडक्या तेलुगूत दटावत एक बाई उभी होती. सुती साडी, गळ्यात शिट्टी. साहेबांची मुलगी.

मला वाटलं, आता हे तरातरा जाणार. ते गेले नाहीत. सावकाश पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे इतके उतरलेले मी कधी पाहिले नव्हते.

गर्दीत कुणीतरी उलटे आकडे मोजायला लागलं. सगळ्या रस्त्याने त्यात सूर मिसळला. आणि तळ्यापलीकडे एकदम उजाडलं. खरंच उजाडलं. पाणी तांबूस झालं, माणसांचे चेहरे दिसू लागले. पण आवाज काहीच नाही. एवढा मोठा जाळ आणि सगळं चिडीचूप.

"आवाज का नाय यायला?" साहेब पुटपुटले. एवढ्यातही त्यांना शंका होतीच.

त्या शांततेत मागून हाक आली. "बाबा?"

साहेब वळले. मी गडबडीत त्यांच्याच कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि फ्लॅश उडाला. मग तो आवाज येऊन पोचला. पायाखालची जमीन थरथरली, छातीत धडधडलं, मुलं किंचाळली. पोरगी काहीतरी बोलत होती, साहेब काहीतरी बोलत होते, आणि दोघांचं एकमेकांना काहीही ऐकू येत नव्हतं. गर्दीच्या धक्क्याने माझी तिपाई केव्हाच कलंडली होती.

आवाज विरल्यावर ती म्हणाली, "कंपनीचं काम कधीच संपलं बाबा. मी इथल्या शाळेत गणित शिकवते."

"आन् तो फोटो?"

"आमच्या एका सरांनी जोडून दिला."

"नीट नाय जोडला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही पिशोरला सगळ्यांना सांगून बसला होतात. मी कसं सांगायचं?"

साहेब मुलांकडे बघत राहिले. ती सगळी त्यांच्याभोवती गोळा झाली होती, आपल्या बाईंचं कोण आलंय ते बघायला.

"आवडतं का तुला?" त्यांनी विचारलं.

"लई."

एवढंच. पुढचा एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. निघताना मात्र म्हणाले, "आईला इतक्यात सांगू नको. तिला सोसायचं नाय."

परत आल्यावर त्यांना नवाच घोर लागला. बायकोला कसं सांगायचं, याची तालीम ते माझ्या दुकानात बसून करायचे. "दिवाळी होऊ द्या," म्हणायचे. दिवाळी व्हायची. "संक्रांत होऊ द्या."

ते सांगायचं राहूनच गेलं. एके सकाळी छातीत कळ आली आणि साहेब गेले.

काही दिवसांनी मायलेकी दुकानात आल्या. भिंतीवर लावायला साहेबांचा फोटो हवा होता आणि घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. आयुष्यभर ते कॅमेऱ्याच्या मागेच. बोलता बोलता मी चाचरत म्हणालो, "वहिनी, साहेबांना तुम्हाला मुलीच्या नोकरीचं..."

"मला शाळेच्या पहिल्या महिन्यापासनं ठावं हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "हिनंच सांगितलं होतं. ह्यांना सांगू नको म्हणली."

"साहेबांना कळलं होतं का, तुम्हाला माहीत आहे म्हणून?"

"काय की. जेवताना म्हणायचे, रॉकेटवर लई काम असतंय म्हणे तिला. आन् माझ्या तोंडाकडं बघत बसायचे."

मी त्या रात्रीचा फोटो काढून दाखवला. सगळ्या माणसांच्या पाठी, वर केलेले हात, हातांत मोबाइल, आणि लांब आभाळात रॉकेटचा पुसट पांढरा ठिपका. त्या सगळ्या पाठींमध्ये एकच माणूस आमच्याकडे तोंड करून उभा. फ्लॅशच्या उजेडात साहेबांचा चेहरा लख्ख आलेला, तोंड अर्धवट उघडं.

वहिनींनी त्यावरून बोट फिरवलं. "हाच करा."

"मोठा करून देतो," मी म्हणालो. "रॉकेट ठेवू का कापू?"

"कापा," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कुठं बघितलं ते!"