गळ्यात बांधलेला हात

करंजाड्याच्या जगन पाटलाचा उजवा हात पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. एरवी तो कंटेनर यार्डात क्रेन चालवायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र टेनिस बॉल असा सोडायचा, की भल्याभल्या बॅट्समनच्या घशाला कोरड पडायची. माणूस सरळ, बोलायला भित्रा. आणि शब्द कुणाचा मोडवत नसे, हा त्याचा खरा रोग.

सरकारने घेतलेल्या जमिनींचे पैसे आले तशा गावोगावच्या स्पर्धा बदलल्या. टीमला शेठ आले, खेळाडूंचे लिलाव सुरू झाले. एकाच शेठने सगळे चांगले उचलू नयेत म्हणून प्रत्येक शेठला बोलीसाठी पॉइंट सारखेच. त्यातच अख्खी टीम बसवायची. दोन हिरे घेतले की उरलेल्या गारगोट्या. मग भर सामन्यात कुणाचा पाय मुरगळला, तर बाकावरून उठायला कामाचा माणूस नाही.

दोन हजार चौदाच्या लिलावाआधी गावच्या टीमचा शेठ उदयसिंह घरी आला. बिल्डर झाल्यापासून त्याला प्रत्येक नियमात पळवाट दिसायची.

"जगन, खांदा दुखावलाय म्हनून सांग. हात गळ्यात बांध. कोन बोली लावनार नाय, शेवटी तुला मी फुकटात उचलतो. वाचलेल्या पॉइंटात बाकीची पोरं चांगली घेऊ. गावासाठी एवढा कर."

जगनने मान डोलावली. त्याची बायको चंद्रावती त्याच्याकडे बघतच राहिली.

लिलावात त्याचं नाव पुकारलं, पण बोली कुणीच लावली नाही. उदयसिंह ठरल्याप्रमाणे मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. तेवढ्यात बेलपाड्याच्या टीमचे म्हातारे शेठ दयाराम उठले आणि त्यांनी थेट एवढी मोठी बोली लावली, की उदयसिंहाचा हात वर जाता जाता राहिला.

"दुखापत झाली म्हनून याची किंमत खाली येयाची नाय," दयाराम म्हणाले. "आमची पोरं याच्याच बोलिंगवर बॅट धरायला शिकलीत."

जगनला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. दयारामांचे पॉइंट तिथेच आटले. त्यांच्या बाकावर आले ते पोट सुटलेले काका आणि उदबत्तीवाला बाळू. वर दयाराम रोज खांद्याला चोळायचं तेल घेऊन चौकशीला यायचे. "तू नुसता बस. पोरांना धीर वाटतो."

"आज तरी सांगा त्यांना," चंद्रावती रोज म्हणायची. जगन त्याच उजव्या हाताने भाकरी मोडत राहायचा. त्याची त्यालाच किळस येत होती.

फायनल उदयसिंहाच्याच टीमशी पडली. बेलपाड्याचा मुख्य बोलर पाय मुरगळून पडला आणि त्याच्या जागी बाळू पँट वर ओढत उठला. समोरचे खो खो हसू लागले. दयाराम मात्र बाळूची पाठ थोपटत होते. जगनला ते बघवेना. त्याने गळ्यातलं फडकं काढून फेकलं.

"नको रे, हात कामातून जाईल!" दयारामांनी त्याला धरलं.

"जाऊ द्या, दयारामशेठ."

त्याने नेहमीसारखीच बोलिंग टाकली. मैदान मात्र वेडं झालं. दुखऱ्या खांद्याने टाकतोय! प्रत्येक विकेटला लोक उभे राहिले. टाळ्या वाढल्या तशी जगनची मान खाली गेली. उदयसिंह समोर बसून ओठ चावत होता. बोलला असता तर स्वतःच उघडा पडला असता.

बेलपाडा जिंकलं. जगनच्या हातात माइक आला. आता नाही तर कधीच नाही, असं त्याने मनाशी म्हटलं.

"माज्या खांद्याला कायच झाला नव्हता," तो म्हणाला.

आणि टाळ्यांचा असा कडकडाट उठला, की स्पीकर किंचाळला. दयारामांनी डोळे पुसत माइक घेतला. "बगा! एवढा सोसून म्हनतो, कायच झाला नव्हता. याला म्हनतात मोठेपना!"

पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. जगनने तोंड उघडलंही. पण दयारामांनी त्याला मिठी मारली, तीसुद्धा उजव्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून एका बाजूने, जपून. आणि जगन गप्प राहिला.