सातवा नियम आणि पेढ्यांचा पुडा

आता सांगायलाच बसलोय तर लाज कशाला ठेवू? आयुष्यात मी एकच नियम लिहिला, आणि तो मोडणारा पहिला माणूसही मीच निघालो.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवायचो. घरी नवा कॉम्प्युटर आला होता आणि इंटरनेटवर कोल्हापुरी स्वयंपाकाचं एक चर्चापीठ सापडलं होतं. मला धड चहा येत नाही, पण म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या रश्श्यात चुका काढायला गॅस पेटवावा लागत नाही! तिथं माझं नाव होतं 'शिस्तप्रिय'.

चर्चापीठ चालवणारे काका परदेशात असायचे. त्यांना इथला एक सहव्यवस्थापक हवा होता. ते पद मला हवं होतं, अगदी मनापासून. म्हणून मी त्यांना एक नियम लिहून पाठवला: 'कुणी नियम मोडला तर फक्त व्यवस्थापकांना कळवावे. सदस्यांनी त्याची आपापसात खासगी चर्चा करू नये.' काका खूश! यादीत तो सातवा नियम म्हणून लागला आणि पद माझंच, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात 'ठसका' नावाच्या सदस्याने कांदा-लसूण मसाल्याची जाहिरात टाकली. घरच्या पत्त्यासकट! जाहिरातीला बंदी, हा पाचवा नियम. मी लगेच काकांना कळवलं. चार दिवस उत्तर नाही. आता चार दिवस गप्प बसायला मी काय संत आहे? दोघा सदस्यांना खासगी निरोप धाडला. एक गारगोटीचे पाटीलसर, दुसरा मलकापूरचा बाळू. वर 'कुणाला सांगू नका' असंही लिहिलं.

सरांचा फोनच आला. "आवो, एवढं लिवत कशाला बसायचं? पत्ता हाय न्हवं? रविवारी जाऊन तोंडावर सांगूया की!"

आमच्याकडे खासगीत मिटवायचं म्हणजे हेच. चार माणसं घ्यायची आणि थेट दारात जायचं.

रविवारी आम्ही तिघं कडक इस्त्रीचे शर्ट घालून निघालो. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नसतं, म्हणून सरांनी पेढ्यांचा पुडा घेतला. भांडायला जाताना पेढे! पण सरांना सांगणार कोण?

दार एका वयस्कर गृहस्थांनी उघडलं.

"जरा खासगी बोलायचं होतं," मी म्हणालो.

"मलकापूरचं पावणं न्हवं तुमी?"

"व्हय की, मलकापूरचाच मी!" बाळूची छाती फुगली.

"या, या! सकाळपासनं वाट बगतोय."

मला वाटलं, अपराधी शरण आला. सरांनी पुडा त्यांच्या हातात दिला. मग एक मुलगी पोहे घेऊन आली आणि समोर खाली मान घालून बसली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ! मी म्हणजे गणिताचा मास्तर.

"मसाल्याचा धंदा कोण करतं?" मी सुरुवात केली.

"आमची सुजाताच की. घरातनंच करती."

"असं नाही चालायचं. आमच्यात राहायचं तर नियम पाळावे लागतील."

गृहस्थांचा चेहरा उतरला. "म्हंजी... लगीन झाल्यावर धंदा बंद?"

"कुणाचं लग्न?"

बाळूचा चमचा तोंडापाशीच थांबला. सुजातानं मान वर केली आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"नियम? तुमी 'शिस्तप्रिय' काय?"

"हो. म्हणजे 'ठसका'..."

"मीच. आणि ह्या दोघास्नी माझी चूक कुणी सांगितली?"

"मी. खासगीत."

"मग सातव्या नियमाचं काय?"

मी घाईनं पोह्यांचा मोठा घास तोंडात कोंबला. आणि तेवढ्यात दारात चार माणसं उभी राहिली. खरे मलकापूरचे पाहुणे!

"मग ही कोन?" गृहस्थांचा आवाज चढला.

"इंटरनेटवरचं हवालदार हायती, बाबा."

आम्ही जे सुटलो ते थेट बसस्टॉपवर थांबलो. माझ्या पायात बाळूची चप्पल होती.

संध्याकाळी काकांचा ई-मेल आला. ठसकाने जाहिरात काढून माफी मागितली होती आणि घडलेलं सगळं कळवलं होतं. आम्हा तिघांना महिनाभर बंदी, सातव्या नियमानुसार. सहव्यवस्थापकपद ठसकाला. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

महिन्यानं चर्चापीठ उघडलं तर नव्या सहव्यवस्थापकांचा खासगी निरोप वाट बघत होता. 'तुमचा पुडा इथंच राहिला. पाहुणे गडबडीत पेढे आणायला विसरले होते. त्याच पेढ्यांनी सगळ्यांची तोंडं गोड केली. लग्न ठरलं, धंदा चालू राहणार. आभार. हे आपल्यातच ठेवा.'

आणि मी बघा, आज तुम्हा चौघांना सांगून बसलो!