लोटलेलं दार

"दार लोटलंय, लावलं नाय. ये आत." समोरच्या काकींचं हे वाक्य बेल वाजवायच्या आधीच ऐकू यायचं, कारण त्या पावलांवरून माणूस ओळखायच्या. रोडपालीला दुसऱ्या मजल्यावर आमची घरं समोरासमोर होती. काकी मूळच्या पनवेलजवळच्या कोन गावच्या. गावात दिवसा दाराला कडी लावायची पद्धत नव्हती, आणि फ्लॅटमध्ये आल्यावरही त्यांनी ती सवय लावून घेतली नाही. मुलगा उरणला बंदरावर नोकरीला, त्यामुळे दिवसभर त्या एकट्या असायच्या.

एकट्या म्हणजे नावाला. उंबऱ्यात वाल सोलत बसायच्या आणि जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात मूठभर वाल सरकवायच्या. कुरिअरवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचे चेअरमन, कोणीच सुटलं नाही. तुमच्याही जिन्यात अशी एखादी बाई असेल, आठवून बघा. शेजाऱ्यांची नावं तुम्हाला तिच्यामुळेच कळली असतील.

मी एका स्थानिक साप्ताहिकात सिनेमांची परीक्षणं लिहितो. चुका काढणं हा माझा आवडता उद्योग. एकदा पनवेलला दुपारच्या खेळाला बायकोला जमेना, म्हणून तिच्या तिकिटावर काकींना नेलं. थरारपट होता. आडबाजूच्या बंगल्यात मुखवटे घातलेले तीन चोर शिरतात, आत एक बाई आणि तिची लहान मुलगी. सुरुवात घट्ट बांधलेली होती, पण पुढे सगळं सैल सुटलं. फोन नेमका बंद पडतो. मागचं दार सताड उघडं असताना बाई माळ्यावर चढते. चोर आपली हकिगत सांगत बसतात. मी अंधारात वहीत टिपत होतो.

मध्यंतरात काकींनी विचारलं, "हिच्या शेजारी कोन राहतं?"

दाखवलेलं नाही, मी म्हटलं.

"मंग मीठ सरलं त ही जाते कुठं?"

ही चूक माझ्या वहीत नव्हती. मी ती निमूट लिहून घेतली.

शेवटाकडे ती बाई मुलीला पोटाशी धरून दाराला पाठ लावून बसते. बाहेरून धक्के बसत राहतात. संगीत नाही, संवाद नाही, नुसता तिचा चेहरा. तेव्हा काकींनी माझा हात धरला. दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

गुणांपेक्षा दोषांचं पारडं जड आहे, असं मी परीक्षणात ठासून लिहिलं आणि पाचपैकी दोन तारे दिले. अंक आल्यावर वाचून दाखवायला गेलो, तर काकींचं दार बंद. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची बेल वाजवली. आधी दारातल्या भिंगाला आतून डोळा लागला, मग साखळी निघाली, मग दोन कड्या. त्यातली एक कोरी करकरीत होती.

मी परीक्षण वाचून दाखवलं, तेव्हा मिठाच्या वाक्याला त्या हसल्या. मग म्हणाल्या, "चुका बराबर मोजल्यास. मी तुजा हात धरला, त्यो नाय लिवलास."

ज्या बाईला दाराची भीती ठाऊक नव्हती, तिला मीच हाताला धरून ती दाखवून आणली होती. मी तेच परीक्षण घेऊन त्यांची समजूत घालायला लागलो. फोन असे बंद पडत नसतात, खरे चोर गप्पा मारत नसतात.

"खोटं हाय त माला बी कलतं," त्या म्हणाल्या. "पन दार लावल्याबिगर बसवत नाय."

आई दार लावून बसते म्हणून मुलगा खूश होता, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? पण आमचा जिना ओस पडला. कुरिअरवाला पाकीट टेकवून निघून जाऊ लागला. एकटीसाठी कशाला, म्हणून काकी वाल भिजवेनाशा झाल्या. घरातून टीव्हीचा आवाज तेवढा येई. मला फार अपराधी वाटायचं.

शेवटी मी आणि बायको वालाची परात घेऊन आमच्याच उंबऱ्यात बसलो. मोड छान आले होते, पण सोलायच्या आधी वाल कोमट पाण्यात टाकायचे असतात, हे आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं. सालं निघेनात, डाळिंब्या मोडायला लागल्या. समोरच्या भिंगात अंधार झाला, म्हणजे काकी मागे उभ्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी सोसलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही कड्या निघाल्या.

"कोमट पानी कुठं हाय?" एवढंच विचारून त्यांनी आमची परात उचलली आणि आपल्या घरात नेली. आम्ही मागोमाग गेलो. दार कोणीच लावलं नाही, ते पुढेही दिवसा कधी लागलं नाही.

तो सिनेमा नंतर टीव्हीवर लागला. काकी आमच्याकडे बघायला आल्या. मी कबूल केलं की चुका आहेत तेवढ्याच आहेत, पण मी दोन तारे देऊन कंजूषपणा केला. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा मिठाचं विचारलं.

गेल्या वर्षी एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वाल सोलायला म्हणून त्यांचं दार ढकलून आत गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली. काकी जमिनीवर पडल्या होत्या, पण शुद्धीत होत्या. घाबरल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि त्यांचा हात धरला. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि काकी गेल्याचं सांगितलं. तोवर मी हात सोडला नव्हता.