रिकाम्या वाघुरीशेजारची बाज

शिरूर कासारच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथे, एका मेंढपाळाचं घर आहे. त्या उन्हाळ्यात मी सिस्टरांबरोबर अधूनमधून तिथे जायचे. घरातले बाबा आता बरे होणार नव्हते. दवाखान्याने तसं मुलाला सांगून त्यांना घरी पाठवलं होतं. सिस्टर दुखणं कमी करायचं औषध द्यायच्या. माझं काम घरच्यांजवळ बसायचं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे अनोळखी माणसांपुढे माझं मराठी अडखळतं, आणि मुळात मी कमीच बोलते. या कामात ते खपून जायचं.

कडुनिंबाखाली बाज, तिच्यावर काळ्या घोंगडीत बाबा. शेजारी वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरांचं जाळं, खुंट्यांना ताणलेली. आत एकही मेंढरू नव्हतं. ओरडण्याने बाबांची झोप मोडेल म्हणून मुलाने कळप आष्टीला बाबांच्या धाकट्या भावाकडे धाडला होता. बाबांना सांगितलं होतं, लांब चरायला गेलीत. आजाराचं तर नावही कुणी काढत नव्हतं.

मावशी, म्हणजे बाबांची बायको, एकदा मला चुलीपाशी घेऊन गेल्या.

"कळप घिऊन निघाले की भाकर बांधून मी वढ्यापोत्तर जायचे, पोरी. चार-चार म्हैने येत नसत, पर निरोप दिलेला असायचा. आन् ह्या बारीला मुकाट बसू? पोरगा म्हंतो, आई, तू रडशील, त्यांना कळंल."

मी त्यांच्याबरोबर राखेकडे बघत राहिले.

बाहेर उन्हं उतरत होती. सगळं माळरान पिवळ्या पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं. बाबांनी मान वळवून कान वाघुरीकडे केला होता. डोळे मिटलेले, पण झोप नव्हती. दिवस बुडेपर्यंत ते तसेच कानांनी वाट बघत होते.

निघताना मी मुलाला विचारलं, "मेंढरं होती तेव्हा बाबा झोपायचे का हो?"

त्याने रिकाम्या वाघुरीकडे पाहिलं. "झोपायचे की. बाज वाघुरीला चिकटवूनच टाकायचे."

पुढच्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा वाटेवर धूळ तरंगत होती. आधी घंटांचा आवाज आला, मग लोकरीचा ओलसर, उबदार वास, मग धुळीतून एकेक पाठ. जणू ढगच खाली उतरून चालत येत होता. वाघूर भरली. बाबा डोळे न उघडताच म्हणाले,

"धाकट्यानं पोटभर चारली न्हाईत रं."

"कशावरून, आबा?" मुलगा म्हणाला.

"वरडण्यावरून. आन् तू म्हन्ला लांब चरायला गेलती. लबाडा!" मग आवाज खाली आला. "कावून धाडलती, ठावं हाय मला. माझी जायाची येळ आली म्हून ना?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मावशींकडे पाहिलं. त्या बाजेवर, पायाशी जाऊन बसल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या.

एक कोकरू आईला हुडकत ओरडत होतं. ते गप्प झालं.

"मंग भाकर बांधली का न्हाई?"

मावशी हसल्या आणि हसता हसता त्यांचा पदर डोळ्यांना गेला. "आधी सांगावा धाडायचा व्हता की! बांधते, अवं."

त्यांनी आतून अर्धी भाकरी आणली, फडक्यात बांधून उशाशी ठेवली आणि बाबांचे पाय दाबत बोलू लागल्या. कुठल्या तरी जुन्या ओढ्याचं, वाटेत व्यालेल्या मेंढीचं, पावसात भिजलेल्या सरपणाचं. मुलगा कडुनिंबाला टेकून ऐकत होता. त्याने आईला अडवलं नाही.

बोलता बोलता बाबांचा श्वास संथ झाला. सिस्टरांनी वाकून पाहिलं आणि मला खुणेने सांगितलं, झोप लागलीय. मावशींनाही ते दिसलं होतं. तरी त्या थांबल्या नाहीत. आवाज तेवढा हळू केला.