आत्याची वीज

माझ्या आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा डोळा गेल्यात जमा, डाव्याला मात्र अजून थोडं दिसायचं. तेही दुधात बुडवल्यासारखं. डोळे कापून घ्यायचं नाव काढलं की ती अंगावर यायची. फाल्गुनात एका दुपारी ती म्हणाली, "मले एकडाव वीज पाहाची हाय. टेकडीवर बसून, अख्खी."

आता हिला काय सांगावं! पण मला लहानाचं मोठं तिनंच केलेलं. जाऊ म्हटलं.

वीज काय सांगून येते? मंगरूळच्या दुकानातला रेडिओ बोलला, उद्या वादळ. मी बैल जुंपले, आत्या नवं लुगडं नेसून बसली, आणि आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख. मग रेडिओ म्हणाला, हवा कोरडी. तर रिसोडकडे ढग उठले. तिकडे निघालो, ते विरून गेले. "त्या रेडिओच्या नानाची टांग!" आत्या म्हणाली.

मग मी अक्कल चालवली. गावच्या गारपगाऱ्यालाच सोबत घेतलं. गारपगारी म्हणजे गारा परतवणारा. पीक उभं असताना ढग आले की तो शिवेवर जाऊन आभाळाशी भांडायचा. खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. ढगांच्या खोडी त्याच्याइतक्या कोणाला ठाऊक? "आज कायले बैल दमवता?" तो म्हणाला. "उद्या येईन पाहा वादळ, दोपारून."

आणि आलं की हो! टेकडीवर वारा पडला. पळस पेटलेले, खाली पिवळा गहू, आणि त्यावर निळंकाळं आभाळ हळूहळू उतरत होतं. मला तर आपण झोपेत आहोत असंच वाटत होतं. दूर गडगडलं. आत्यानं तोंड वर केलं. "येऊन राह्यली," ती पुटपुटली.

तेवढ्यात गारपगारी उठला. धोतर खोचलं, काठी उगारली आणि ढगावर ओरडत सुटला. गहू उभा होता ना! ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "अरे बापा, थांब ना जरासाक!" मी ओरडलो. तो कुठला ऐकतो? ढग खरंच कामरगावकडे वळला. त्याच्यामुळे की वाऱ्यामुळे, देव जाणे. रागावू तरी कसा? खाली आमचाही गहू होता.

"आता वापस बोलाव तिले," आत्या म्हणाली.

तो ओशाळून खाली बसला. "आत्याबाई, मले फकस्त धाडनं येते. बोलावनं कोनं शिकवलंच नाई."

आत्या पोट धरून हसली. उतरताना तिनं त्याचाच हात धरला.

वैशाखात विजा पुष्कळ कडाडल्या. तोवर डावा डोळाही गेला होता. अंगणात बाजेवर बसून ती आवाजाकडे तोंड वळवायची. "पांढरं पांढरं झालं बा काहीतरी. तेच काय?"

"तेच," मी म्हणायचो.

"कशी होती रे?"

मी तोंड उघडायचो. एकही वीज मला तिला धड सांगता आली नाही.