ज्ञानबाचा फेटा

ज्ञानबा गेल्याचा निरोप घेऊन त्याच्या गावचा माणूस आला, आणि चहाची कपबशी खाली ठेवायच्या आतच म्हणाला, "तेराव्याला बुंदी करावी म्हंत्यात पंच. नावाला शोभंल असं व्हायला पायजे." माझं डोकं असं सणकलं! चितेची राख अजून निवली नव्हती, आणि यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

खडकीच्या कारखान्यात आम्ही दोघं शेजारशेजारच्या लेथवर उभे राहून म्हातारे झालो. पिंपरीजवळच्या गावाहून तो सायकल हाणत यायचा. पेन्शन आम्हाला नव्हतीच. सुटताना फंड मिळायचा, तेवढाच. जेवणाच्या सुट्टीत भाकरी सोडताना ज्ञानबा म्हणायचा, "समदा फंड पोस्टात टाकनार बघ. म्हातारपनी सुपारीच्या खांडासाठी बी कुनाम्होरं हात पसरायचा न्हाई." मूलबाळ नव्हतं. तो आणि वहिनी, दोघंच.

पण त्यांच्या गावाची एक रीत... फंड घेऊन सुटलेल्या माणसाला वेशीवरून वाजतगाजत न्यायचं, देवळापुढं फेटा बांधायचा, आणि मग त्यानं गावासाठी काहीतरी देणगी बोलायची. सगळ्यांसमोर! नाही कसं म्हणेल हो कुणी? मी तिथंच होतो. "आधी पोस्ट, मग हारतुरे," मी त्याच्या कानाशी लागून सांगितलं. तो खुळ्यासारखा हसला. "गाव हाय की पाठीशी, राव." आणि गुलाबी फेट्यातला हा भोळा सांब देवळाचा सभामंडप बोलून बसला! वर गावजेवण. फंड तिथंच संपला.

पुढं पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता, तिथं हा राखणदार म्हणून लागला. गुडघे धरलेला म्हातारा माणूस. थंडीवाऱ्यात तोच फेटा कानांवरून गुंडाळून फाटकाशी बसायचा. सभामंडपात भजनं म्हणणारे लोक त्याच रस्त्यानं बाजाराला जात. "काय ज्ञानबा, बरं हाय का?" म्हणत आणि पुढं सटकत. घरात दाणे आहेत का, एकानं, अहो एकानं तरी विचारावं! मला ज्ञानबाचाही राग येतो. जन्मभर राबलास गड्या, एकदा 'नाही' म्हणायला काय झालं होतं तुला?

दहावा झाला आणि पंच ओसरीवर येऊन बसले. वहिनींच्या पाटल्यांचा विषय त्यांनीच काढला. "मोडल्या तर जेवन निघंल, वैनी. ज्ञानबाचं नाव ऱ्हाईल." मी तोंड सोडायला उठलोच होतो. पण वहिनी आत गेल्या, खुंटीवरचा फेटा आणला आणि पंचांच्या पुढ्यात ठेवला.

"त्येंचा समदा फंड ह्यात हाय. न्या, आन वाढा गावाला."

कुणी हात लावला नाही. चपला घालून गेले. तेराव्याला आम्ही घरच्यांनी पिठलंभाकरी खाल्ली.

परवा गेलो तर फेटा धुऊन, घडी करून फळीवर ठेवलेला. वहिनींच्या हातात पाटल्या नव्हत्या. मी चरकलो... म्हटलं, शेवटी गावानं गाठलंच की काय! त्यांनी फेट्याची घडी उलगडून दाखवली. आत वहिनींच्या नावाचं, पोस्टाचं नवंकोरं पुस्तक होतं.